रेशीमग्रंथीतला उजेड

सोमवार, ३ मार्च

रेशमाच्या अळ्यांची नवी खेप कोशात गेली. उद्यापासून माझं खरं काम सुरू.

एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे गोंधळ नको. अळीच्या पोटात रेशमाची ग्रंथी असते, दोन लांब वळसेदार नळ्या. शेवटी शेवटी ती इतकी फुगते की बाकीच्या अवयवांनी अंग चोरून बसायचं. अळी कोश विणून मोकळी झाली की दोन-तीन दिवसांत ही एवढी मोठी ग्रंथी स्वतःच स्वतःला संपवते. बाहेरून कोणी मारत नाही. अंगातून निरोप येतो, झालं तुझं काम, आणि ती आवरायला घेते. निरोप कोणता, तो कसा पोचतो, हे पुस्तकांत आहे. पण तो मिळाल्यावर एकेक पेशी कुठून आवरायला लागते, कोणतं कपाट आधी रिकामं करते, हे जिवंत पेशीसमोर बसून बघणारी माणसं थोडीच. मला ते बघायचंय.

एक्कावन्न वर्षांची झाले. आजवर जे जे बघितलं ते आधी कोणीतरी बघून ठेवलेलं होतं. मी आपली मागून 'हो, बरोबर आहे' म्हणणारी. एकदा तरी मला काहीतरी सगळ्यांच्या आधी दिसावं, असं फार वाटतं. हे वहीबाहेर बोलायची सोय नाही.

घरी आल्यावर आईनं नेहमीप्रमाणे विचारलं, "आज किती मारल्यास?"

"एकही नाही. आज नुसती तयारी."

"मग आज जेवण गोड लागेल," म्हणाली. आई अठ्ठ्याहत्तरची आहे, एका डोळ्यानं अजिबात दिसत नाही, पण जिभेला धार तीच.

बुधवार, ५ मार्च

मिठाच्या पाण्यात ग्रंथीचा तुकडा, वर पातळ काच, आणि मी. खोली अंधारी केली, दिवा अगदी मंद ठेवला, कारण जिवंत पेशीला झगझगीत उजेड सोसत नाही. जुनाच सूक्ष्मदर्शक घेतला, एका नळीचा. पलीकडच्या खोलीत दोन डोळ्यांचा, कॅमेऱ्याचा नवा आहे, पण त्याच्याशी माझं अजून जमलेलं नाही. मी उजवा डोळा नळीला लावते, डावा मिटते, बघते आणि मग कागदाकडे वळून चित्र काढते. अशीच शिकले, अशीच म्हातारी होणार.

या पेशीचं केंद्रक गोल नसतं. त्याला फांद्या फुटतात, आणि पानं झडलेल्या झाडासारखं ते अख्ख्या पेशीभर पसरतं. इतकी वर्षं बघतेय, तरी पहिल्या नजरेला तोंडातून 'अगं बाई' निघतंच.

बराच वेळ काही नाही. मग फांद्या आखडायला लागल्या. चित्र काढायला म्हणून कागदाकडे नजर वळवली, आणि नेमका त्याच क्षणी उजवीकडच्या कडेला उजेड चमकून गेला. बारीक, वाकडा, नखाच्या कडेएवढा. परत डोळा लावला तर काही नाही.

दिवा पुरता विझवला आणि अंधारात बसून राहिले. पुन्हा चमकला. दिवा बंद असताना! तेव्हा हा उजेड बाहेरचा नाही, आतलाच आहे. 

कोणाला सांगितलेलं नाही.

शुक्रवार, ७ मार्च

आज पुन्हा. वेगवेगळ्या अळ्यांच्या ग्रंथी घेतल्या. सगळ्यांत उजेड.

याची एक खोडी आहे. रोखून बघत बसलं की हूं नाही की चूं नाही. नजर जरा वळली की चमक. पेशी लाजतात की काय! कॅमेऱ्याखालीही ठेवून बघितलं, तिथे काहीच उमटलं नाही. कॅमेऱ्याला इतका मंद उजेड पकडता येत नसणार. माणसाच्या डोळ्यासारखं यंत्र अजून झालेलं नाही, हे मी नेहमी म्हणते ते उगाच नाही.

मनातल्या मनात त्याला 'निरोपाचा उजेड' असं नाव दिलं. जरा नाटकी आहे, पण पेशी जाता जाता चमकत असेल तर थोडं नाटक तिनंच केलंय.

शेजारच्या टेबलावर पणबुवा असतो. खरं नाव वेगळं, पण वीस वर्षांत त्याचं एकही वाक्य 'पण'शिवाय सुरू झालेलं मी ऐकलेलं नाही, म्हणून मी ठेवलेलं हे नाव. तो डासांच्या आतड्यांवर काम करतो. आज त्यानं विचारलं, "पण तू अशी गालातल्या गालात का हसतेयस?" मी म्हटलं, "तुझ्या डासांची आठवण झाली." त्याला एवढ्यात सांगायचं नाही. सांगितलं की तो शंका काढणार, आणि मला थोडे दिवस नुसतं खूश राहायचंय.

जाताना दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. डोक्यात एकच विषय असला की असं होतं.

सोमवार, १० मार्च

कमाल झाली. आज पेशींतून काळे कण बाहेर पडतायत, काजळी उडावी तसे, शेकड्यांनी. आधी उजेड, मग काजळी. पेशी आतून जळते की काय? उजेडाबद्दलही कुठेच लिहिलेलं नाही, मी शनिवारचा सगळा दिवस शोधण्यात घालवला होता.

उड्या मारण्याआधी तपासून घेतलं. डोळ्याजवळचा आयपीस गोल फिरवला, कण फिरले नाहीत, तेव्हा आयपीसवरची धूळ नव्हे. स्लाइड सरकवली, पेशी सरकल्या आणि कण जागच्या जागी राहिले. ते पेशींना चिकटलेले नसून पाण्यात मोकळे तरंगत असणार. डोळ्यातले तंतू असतील, अशीही शंका मीच काढली आणि मीच खोडली. माझ्या उजव्या डोळ्यात एक काडी आणि एक साखळी कॉलेजपासून तरंगतेय, दोघींना मी नावानिशी ओळखते. हे पाहुणे नवे आहेत.

दुपारी डबा खाताना समोरच्या पांढऱ्या भिंतीवरही थोडा वेळ कण दिसत राहिले. एकच गोष्ट इतका वेळ बघितली की चित्र डोळ्यांत बसतंच.

बुधवार, १२ मार्च

संध्याकाळी वीज गेली. आई चाचपडत काडेपेटी घेऊन आली आणि तिनं काडी ओढली.

"असाच," ती म्हणाली.

"काय असाच?"

"माझा डोळा जायच्या आधी असाच उजेड दिसायचा. कोपऱ्यात कोणी काडी ओढावी तसा. वळून बघावं तर कोणी नाही. तुझे बाबा म्हणायचे, अशक्तपणा आहे, दूध पीत जा."

आईच्या डोळ्याची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि ती दर वेळी नव्यानं सांगते. मी हूं हूं करत होते, आणि डोक्यात चाललं होतं की इतका क्षणिक उजेड मोजायचा कशानं. तेवढ्यात वीज आली आणि आईनं काडी फुंकली. पाणी ओतायला गेले तर अर्धं पेल्याबाहेर. आई म्हणाली, "तुझं लक्ष कुठे आहे हल्ली?" मी म्हटलं, "मोठ्या कामात आहे." तिनं टेबल पुसलं आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

गुरुवार, १३ मार्च

सांगून टाकलं. विभागाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर. पोटात राहीना.

विभागप्रमुख चष्मा काढून ऐकत होते, असं ते सहसा करत नाहीत. मी चित्रं फिरवली. उजेड, काजळी, आखडलेल्या फांद्या. बोलणं संपलं. मग अर्थातच पणबुवा.

"पण रिकामी स्लाइड बघितलीस का?"

"म्हणजे?"

"पण नुसतं मिठाचं पाणी. ग्रंथी नाही, पेशी नाही. त्यात नाही ना दिसत उजेड?"

"पेशीच नाही तर चमकेल काय, तुझं डोकं?"

सगळे हसले. तो हसला नाही. "पण बघ तर खरं," एवढंच म्हणाला.

ठरलं असं की पुढच्या गुरुवारी मी सगळ्यांना प्रत्यक्ष दाखवायचं. उजेड खरा ठरला तर माझं नाव त्याला कायमचं चिकटेल. खोटा ठरला तर तेही चिकटेल.

पणबुवाचा भयंकर राग आलाय. रिकामी स्लाइड आधी बघा, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते. मी स्वतः का बघितली नाही? कारण स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेल्याची खातरजमा काय करायची, असं वाटलं. लिहिताना हे वाक्य जरा लंगडं वाटतंय. उद्या बघते आणि त्याचं तोंड बंद करते.

शुक्रवार, १४ मार्च

रिकाम्या स्लाइडवर उजेड दिसला.

दोनदा. काळे कणही.

 मग विचार केला. मिठाचं पाणी त्याच बाटलीतलं, चिमटा तोच, काचा धुतलेल्या असल्या तरी जुन्या. ग्रंथीचे सूक्ष्म तुकडे मागे राहिलेले असणार आणि तेच चमकत असणार. इतकुशा तुकड्यातूनही उजेड यावा, हे तर उलट जास्तच रंजक आहे! सोमवारी सगळं नवीन आणून पुन्हा करेन. बाटली, चिमटा, काचा, सगळं.

त्यात सूक्ष्मदर्शकानं रुसायचं ठरवलंय. खाली डाव्या कोपऱ्यात एक राखाडी सावली येतेय, आणि कालपेक्षा आज ती वर सरकलीय. दिवा तिरका बसला असेल म्हणून यंत्रं दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्यानं नळीतून बघितलं, स्क्रू पिळले, परत बघितलं.

"मॅडम, उजेड सगळीकडे सारखा आहे."

"खाली डावीकडे बघा ना नीट."

"बघितलं. स्वच्छ आहे."

त्याच्या डोळ्यांचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय. मी काही बोलले नाही, उगाच वाईट वाटायचं.

शनिवार, १५ मार्च

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसून लिहितेय. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातलेत, म्हणून अक्षर असं. चष्मा काढून वही नाकाशी धरली की दिसतं. आईचं नाक आणि आईचा जाड चष्मा, दोन्ही मला वारशानं मिळालंय.

क्रमानं लिहिते, तेवढंच मला जमतं.

संध्याकाळी आई मटार सोलत होती. मला राहवेना, कोणाला तरी सांगायलाच हवं होतं, म्हणून तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "अगं, माझ्या पेशी मरताना चमकतात. जगात कोणी बघितलेलं नाही हे."

मला वाटलं ती विचारेल, किती मारल्यास. तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

"कुठे चमकतात?"

"कडेला. काडी ओढल्यासारखं." हे शब्द माझे नाहीत, हे बोलल्यावर लक्षात आलं.

"कोणत्या कडेला?"

"उजव्या."

"दर वेळी उजव्याच?"

मी हो म्हणाले आणि थांबले. ग्रंथीचा तुकडा मी कसाही ठेवते, कधी आडवा, कधी उभा, स्लाइड सुलटी की उलटी तेही बघत नाही. उजेड मात्र पहिल्या दिवसापासून उजवीकडेच.

आईनं हात पदराला पुसले. "डोळे मीट. आता मान न हलवता इकडून तिकडे बघ."

मी मिटले. बघितलं. चमकला. ना पेशी, ना पाणी, ना काच, आणि उजेड तोच, नखाच्या कडेएवढा.

मग डावा डोळा हातानं झाकला आणि उजव्यानं तिच्याकडे बघितलं. आईला हनुवटी नव्हती. तिथे राखाडी सावली होती, सूक्ष्मदर्शकातली, खालून वर चढलेली. मी घाबरले. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते.

"आई, सोमवारी सकाळी दाखवते," मी म्हटलं.

"मीसुद्धा सोमवारीच म्हणाले होते," आई म्हणाली. "चपला घाल."

मंगळवार, १८ मार्च

पालथी पडून लिहितेय. तोंड पलंगाच्या कडेबाहेर, वही खाली जमिनीवर, उजव्या डोळ्यावर पट्टी. अजून काही दिवस असंच राहायचं आहे. डोळ्यात वायूचा फुगा सोडलाय, तो डोळ्याच्या आतल्या पडद्याला मागच्या भिंतीवर दाबून धरतो, म्हणून जमिनीकडे तोंड.

डॉक्टरीणबाईंनी शनिवारी पडद्याचा फोटो दाखवला. मी मागितला म्हणून. बहुतेकांना बघायचा नसतो म्हणाल्या. वरच्या बाजूला घोड्याच्या नालेसारखी फाट, आणि तिथून पडदा भिंतीवरचा कागद सुटावा तसा सुटत चाललेला. मी विचारलं, हा रंग कोणता वापरलात? त्या म्हणाल्या, "रंग नाही, तुमचा डोळा असाच आहे." सुंदर होता. तसं म्हणायला नको, पण होता.

त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्यातला चिकट रस वयानं आकसतो आणि पडद्याला ओढतो. पडद्याला ओढ बसली की त्याला ती उजेड म्हणूनच कळते, दुसरं काही कळायची त्याला सोय नाही. नजर वळली की ओढ जास्त. काळे कण म्हणजे फाटताना सांडलेलं रक्त.

"पडद्याचा मधला भाग अजून धरून आहे. उद्या सकाळीच ऑपरेशन करून टाकू. दोन दिवस थांबला असतात तर मी काही सांगू शकले नसते," त्या म्हणाल्या.

मी सोमवारपर्यंत थांबणार होते. नवीन चिमटा आणणार होते.

शोध खरा होता, जागा तेवढी चुकली. आणि याही वेळी ते आधी कोणीतरी बघून ठेवलेलंच निघालं. फक्त या वेळी ती बघणारी माझ्याच घरात राहते, आणि मी तिच्याकडे बघून हूं हूं करत होते. फार लाज वाटतेय.

सोमवार, २४ मार्च

पट्टी निघाली. फुगा दिसतो! गोल, काळ्या कडेचा, मान हलली की हेलकावे खाणारा. मी त्याची रोज चित्रं काढतेय. दुपारी त्याच्या शेजारी एक छोटा फुगा सुटा झाला, संध्याकाळी परत मोठ्यात शिरला. कोणी सांगितलं नव्हतं असं होतं म्हणून. आई म्हणते, "हिला पालथी पाडली तरी उद्योग सुचतात."

पणबुवा आला होता. माझं तोंड जमिनीकडे, म्हणून बिचारा फरशीवर मांडी घालून बसला आणि मान वर करून बोलत राहिला.

"पण तुला राग आला होता माझा."

"आला होता."

"पण बघितलीस ना रिकामी स्लाइड?"

"बघितली. दिसला उजेड. मग चिमट्याला दोष दिला."

त्यानं फरशीवरची मांडी बदलली. मग म्हणाला, "पण मीही तेच केलं असतं." तो तसं मुळीच करणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. मला खूप बरं वाटलं.

तो गेल्यावर आईला हाक मारली. म्हटलं, इथे बस, तुझा डोळा गेला त्याची गोष्ट सांग. पहिल्यापासून. उजेड पहिल्यांदा कधी, कुठे उभी होतीस, कोणती बाजू, केवढा, कसल्या रंगाचा. मी लिहून घेते.

"आता कशाला?"

"मला बघायचंय."

ती सांगत राहिली. अंगणात कपडे वाळत घालताना, डावी बाजू, पांढरा, किंचित निळसर. मग काळे कण, तिला वाटलं चिलटं आहेत, चार दिवस ती हातानं हाकलत होती. मग सोमवार उजाडायच्या आत सावली वरपर्यंत चढली. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट, पण एकेक तपशील जागच्या जागी. मी विचारत गेले तशी ती खुलत गेली. मध्येच थांबून म्हणाली, "एवढं कोणी विचारलंच नाही गं मला. तेव्हाच्या डॉक्टरांनीसुद्धा नाही."

माझे डोळे भरून आले. पालथं असलं की पाणी सरळ वहीवर पडतं. म्हणून वरच्या ओळी पसरल्यात.

मंगळवार, २९ एप्रिल

फुगा विरघळला. उजव्या डोळ्याला सरळ रेघ किंचित वाकडी दिसते, डॉक्टरीणबाई म्हणतात एवढं चालायचंच. काडी आणि साखळी दोघी गायब आहेत, ऑपरेशनमध्ये गेल्या असाव्यात. थोडं चुकल्यासारखं वाटतं.

आज आईला प्रयोगशाळेत घेऊन गेले. आधी रिकामी स्लाइड लावली. आधी एका डोळ्यानं बघितली, मग दुसऱ्या. दिवा लावून, मग विझवून. काही नाही. कडेपासून कडेपर्यंत काहीच नाही, आणि मी कितीतरी वेळ ते बघत राहिले. पणबुवाला बोलावलं. त्यानं डोळा लावला आणि म्हणाला, "काहीच नाही." पुढेमागे 'पण' नाही. मी घड्याळ बघून ठेवायला हवं होतं.

मग ग्रंथीचा ताजा तुकडा. आईला स्टुलावर बसवलं. नळीकडे बघून ती म्हणाली, "बरंय, हे यंत्र एका डोळ्याचंच दिसतंय." मी बटण फिरवून तिच्या नजरेला आणलं.

"अगं बाई," आई म्हणाली. "झाड आहे."

"तेच केंद्रक."

"हे एवढं अळीच्या पोटात?"

"एवढं नाही, आपण मोठं करून बघतोय."

ती नळीपासून हलेना. फांद्या आखडायला लागल्या तशी तिनं माझं मनगट धरलं. मी दिवा विझवला. खोली पुरती अंधारली, ती तशीच डोळा लावून बसलेली.

"आता मरतेय ना ही?"

"हो."

"उजेड नाही पडला."

"नाहीच पडत."

तिनं डोळा नळीवरून काढला. मग अंधारातच विचारलं, "तुला दिसतोय का कुठे?"

मी मान न हलवता उजवीकडे बघितलं, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे.

"नाही."

"नक्की?"

"नक्की, आई."

तिनं माझं मनगट सोडलं. "मग लाव दिवा," म्हणाली.